भाषा एक, पाणवठे अनेक

१

राजपुरीच्या खाडीच्या दक्षिण तोंडाशी दिघी हे बंदर आहे. समोर पाण्यात जंजिऱ्याचा किल्ला, पलीकडच्या काठावर राजपुरी आणि आगरदांडा. आज श्रीवर्धन तालुक्यात, रायगड जिल्ह्यात मोडणारा हा मुलूख १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता. मुरूड, श्रीवर्धन आणि म्हसळा या पट्ट्यात कोळी, आगरी, कुणबी, भंडारी, पूर्वाश्रमीचे महार म्हणजे आजचे बौद्ध, कोकणी मुसलमान, सिद्दी, बेने इस्राएल आणि डोंगराच्या अंगाला कातकरी असे अनेक समाज शतकानुशतके शेजारी शेजारी राहिले. एवढ्याशा टापूत एवढे लोक आणि त्यांच्या एवढ्या वाणी एकत्र असणे ही मराठीच्या अभ्यासकाला मोठीच संधी होती. परंतु आमच्या वाङ्मयाने आणि भाषाभ्यासाने या संधीचे काय केले? 'कोकणातील मराठीच्या बोली' असे एक प्रकरण लिहिले आणि वही मिटली.

या लेखात कुणा एका पुस्तकाचे परीक्षण करावयाचे नाही. परीक्षण करावयाचे आहे ते या वही मिटणाऱ्या दृष्टीचे. माझे म्हणणे थोडक्यात असे: या किनाऱ्यावर कागदोपत्री भाषा एक करण्यात आली आणि पाणवठे मात्र वेगळेच ठेवण्यात आले. भाषेच्या ऐक्याचा गौरव करणाऱ्यांनी पाणवठ्यांच्या वेगळेपणाचा हिशेब कधी दिला नाही. तो मागितल्याशिवाय या प्रदेशाचा वाङ्मयीन इतिहास लिहिता येणार नाही.

२

प्रथम मराठीच्या अभिमानाची गोष्ट घेऊ. मराठीचे अगदी जुने कोरीव पुरावे याच जिल्ह्यात आहेत. अलिबागजवळच्या आक्षीचा शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा मानला जातो. दिघीच्या दक्षिणेस असलेल्या दिवेआगरचा ताम्रपट शके ९८२ चा, म्हणजे १०६० चा आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्र सरकारने घेतला, तेव्हा मराठीच्या प्राचीनत्वाची चर्चा पुन्हा सर्वत्र झाली. त्या प्राचीनत्वाचा आनंद आपल्यालाही आहे. मराठी आपलीही भाषा आहे. ती कुणाच्या वाड्यातून आपल्याला भिक्षेत मिळालेली नाही.

पण शिलालेख आणि ताम्रपट कोण लिहून घेतो? ज्याच्यापाशी देण्यासारखे काही आहे तो, आणि ज्याला घेण्याचा अधिकार आहे तो. दान, अग्रहार, देवस्थान, गावच्या व्यवस्थेचे करार ही कोरण्याजोगी प्रकरणे. मासळीचे जाळे विणणारा, मेलेले ढोर ओढणारा, खैराचे लाकूड उकळून कात काढणारा माणूस त्या काळातही या किनाऱ्यावर बोलतच होता. त्याचे बोलणे तांब्यावर चढले नाही. म्हणजे 'प्राचीन मराठी' म्हणून ज्याला आपण वंदन करतो तो मराठी बोलणाऱ्यांच्या एका अल्प भागाचा आवाज आहे. हे सांगितल्याने मराठीचा अपमान होत नाही. न सांगितल्याने मात्र बाकीच्यांचा होतो.

राज्यकर्ता बदलल्याने ही रचना बदलली काय? जंजिऱ्याचे सिद्दी मूळ आफ्रिकेतून आलेले, म्हणून 'हबशी' म्हणविले गेले. त्यांचे राज्य असतानाही श्रीवर्धनची देशमुखी चित्पावन भट घराण्याकडे होती. त्याच घराण्यातील बाळाजी विश्वनाथ पुढे पेशवा झाला. गादीवर हबशी आणि गावात देशमुख अशी ही व्यवस्था. वरचा माणूस कोणत्याही रंगाचा, कोणत्याही धर्माचा येवो, खालची उतरंड तशीच राहते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही. आणि त्याच सिद्दींचे भाऊबंद पाहा. गुजरात आणि कर्नाटकाच्या काही भागांत त्यांची गणना अनुसूचित जमातींत होते. एकाच मुळाचे लोक एका किनाऱ्यावर नवाब झाले आणि दुसरीकडे वनवासी मजूर. तेव्हा रक्तावरून, रंगावरून माणसाची पायरी ठरते हे शास्त्र खोटे आहे. पायरी ठरते ती सत्तेवरून आणि जमिनीवरून.

बेने इस्राएलांचे उदाहरणही असेच बोलके आहे. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून आपले पूर्वज येथे आले अशी त्यांची परंपरा सांगते. ते तेल गाळीत, शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. नवगावकर, किहीमकर, पेणकर, अष्टमकर अशी गावावरून आडनावे त्यांनी घेतली. त्यांची मातृभाषा मराठी झाली. त्यांच्या वल्हांडणाच्या प्रार्थनेची मराठी पुस्तके एकोणिसाव्या शतकात छापली गेली, मराठीत त्यांनी कीर्तने केली, आणि इस्रायलमध्ये गेल्यावरही 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालविले. परंतु याच समाजात 'गोरे' आणि 'काळे' असा भेद रुजला आणि त्यांच्यात सोयरीक टाळली जाई. मराठीबरोबर जातही त्यांच्या घरात शिरली. भाषा दिली, तिच्याबरोबर उतरंडही दिली, असा हा गावगाड्याचा व्यवहार आहे.

३

आता ज्यांनी या लोकांच्या भाषांची नोंद केली त्यांच्याकडे वळू. १८८३ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कुलाबा आणि जंजिरा यांवरील अकरावा खंड निघाला. त्यात माणसे जातवार मांडली आहेत. रंग कसा, बांधा कसा, खाणे काय, दारू पितात की नाही, स्वभावाने कष्टाळू की आळशी. गुरे विकत घेताना जशी पाहणी करतात तशी ही पाहणी आहे. माहिती पुष्कळ आहे, ती उपयोगी आहे, पण बोलणारा माणूस त्यात नाही. त्याच्याविषयी दुसरा कुणी तरी बोलतो. हा दुसरा कोण? साहेब, आणि साहेबाला माहिती पुरविणारा येथला लिहिता-वाचता वर्ग. कातकऱ्यांविषयी कातकरी बोललेला नाही.

ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीवरील सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. कोळी, आगरी, कुणबी, ठाकरी, कातकरी अशी बोलींची नावे त्यात येतात. ही नावे नीट वाचावीत. ही प्रदेशाची नावे नाहीत, जातीजमातींची आहेत. म्हणजे सर्वेक्षकालाही हे दिसले की या किनाऱ्यावर भाषेच्या सीमा नदीने आखलेल्या नाहीत, सोयरिकीने आणि शिवाशिवीने आखलेल्या आहेत. एकाच गावात राहून माणसे वेगवेगळे बोलत होती, कारण ती एकत्र बसत नव्हती, एकत्र जेवत नव्हती, एका विहिरीवर पाणी भरत नव्हती. हे निरीक्षण पुढे नेले असते तर मराठीचे भाषाशास्त्र जातिव्यवस्थेच्या अभ्यासाचे मोठे साधन झाले असते. आमच्या विद्वानांनी नावे घेतली आणि कारण सोडून दिले.

उलट त्यांनी 'शुद्ध' आणि 'अशुद्ध' हा वाद चालविला. आगरी-कोळी बोलीत 'ळ' चा 'ल' होतो, 'ण' चा 'न' होतो. तेथला माणूस 'पानी' म्हणतो. शाळेत पहिल्याच दिवशी त्याला सांगण्यात येते की 'पानी' चूक, 'पाणी' बरोबर. याच कुलाबा जिल्ह्यात, महाडला, २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या ओंजळीला ज्यांनी विटाळ म्हटले आणि या 'पानी'ला जे अशुद्ध म्हणतात, त्यांची मने एकाच मुशीतून निघालेली आहेत. विटाळाची कल्पना पाणवठ्यावरून व्याकरणात गेली, एवढाच फरक. प्रमाण भाषा नको असे मी म्हणत नाही. कोर्टकचेरीला, छापखान्याला, परीक्षेला ती लागते आणि ती आमच्या मुलांच्या हाती आलीच पाहिजे. पण प्रमाण म्हणजे पवित्र नव्हे, आणि बोली म्हणजे विटाळ नव्हे.

त्याच वर्षी डिसेंबरात महाडची दुसरी परिषद भरली. बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी मुंबईहून बोटीने या किनाऱ्याने दक्षिणेस येऊन सावित्रीच्या खाडीतून दासगावला उतरले आणि तेथून महाडला गेले. मंडपाला जागा मिळू नये अशी तजवीज झालेली असताना फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले ते त्या जागेवर. या किनाऱ्याच्या अनेकत्वाचा खरा इतिहास येथे आहे. ताम्रपटात तो शोधून सापडणार नाही.

४

ललित वाङ्मयात हा किनारा आणि हे डोंगर पुष्कळ आले. कोकणावरील कादंबऱ्यांचा तर एक स्वतंत्र संसार आहे. श्री. ना. पेंडसे यांची 'तुंबाडचे खोत' १९८७ साली दोन खंडांत आली. खोताच्या घराण्याच्या चार पिढ्या तीत तपशिलाने उभ्या राहतात आणि कादंबरीकाराचे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. पण खोती म्हणजे काय हे कुळाला विचारावे. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. अलिबाग तालुक्यातील चरी गावच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सुमारे सहा वर्षे शेते पडीक ठेवून संप केला. कुळाच्या झोपडीतून लिहिलेला चार पिढ्यांचा इतिहास दोन खंडांत कुणी लिहिला? खोताच्या ओटीवरून अंगण दिसते, अंगणापलीकडचे पुसट दिसते. हा दोष लेखकाच्या प्रतिभेचा नाही, त्याच्या बसण्याच्या जागेचा आहे.

आदिवासींकडे सहानुभूतीने पाहणारी कलाकृती म्हणून 'जैत रे जैत' चे नाव घेतात. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, आणि जब्बार पटेल यांनी १९७७ साली काढलेला चित्रपट. कर्नाळ्याच्या परिसरातील ठाकर, त्यांचा ढोल वाजविणारा नाग्या, त्याच्या पाठीशी उभी राहणारी चिंधी, आणि लिंगोबाच्या डोंगरावरची राणीमाशी. ना. धों. महानोरांची गाणी आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत घरोघर पोचले. ठाकरांच्या बोलण्याला येथे हास्यास्पद केलेले नाही, ही मोठीच गोष्ट आहे. तरीही प्रश्न उरतो. या नाग्याचे वैर कुणाशी आहे? मधमाश्यांशी आणि देवाशी. जंगलाच्या कायद्याशी नाही, सावकाराशी नाही.

आता दुसरा एक नाग्या पाहा. कर्नाळ्यापासून जवळच उरण तालुक्यात चिरनेर आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी अक्कादेवीच्या डोंगरावर लोकांनी जंगल सत्याग्रह केला आणि पोलिसांनी गोळीबार केला. हुतात्म्यांच्या यादीत कोळी, म्हात्रे, पाटील, घरत, न्हावी या नावांबरोबर नाग्या महादू कातकरी हे नाव आहे. कातकऱ्याला जंगल सत्याग्रह म्हणजे केवळ स्वराज्याचा कार्यक्रम नव्हता. १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव वने झाली, तोडीवर बंधने आली आणि खैरापासून कात काढण्याचा त्यांचा धंदा, ज्यावरून त्यांना काथोडी किंवा कातकरी हे नाव मिळाले, तोच मोडत गेला. नावात धंदा राहिला आणि हातातून गेला. एक नाग्या पडद्यावर आला, त्याची गाणी झाली. दुसरा नाग्या स्मारकाच्या दगडावर राहिला. पहिल्या नाग्याबद्दल आकस नाही. पण दुसऱ्यावर कादंबरी का होत नाही, याचे उत्तर मराठी समीक्षेने द्यावयास हवे. निसर्गाशी झुंजणारा आदिवासी आमच्या पांढरपेशा वाचकाला सुंदर वाटतो. कायद्याशी झुंजणारा आदिवासी गैरसोयीचा वाटतो, कारण त्या कायद्याच्या बाजूला कुठे तरी वाचक स्वतःच उभा असतो.

५

या प्रश्नाला आपलीही बाजू आहे, आणि ती टाळून चालणार नाही. दलित साहित्याने मराठीला तिची झाकलेली वाणी दिली. ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' २००३ साली आले, तेव्हा कोकणातील महार स्त्रीचे बोलणे, तिचे बांबूच्या बेळांनी विणलेले काम आणि तिचे जगणे तिच्याच शब्दांत छापले गेले. वाहरू सोनवणे यांनी 'गोधड' (१९८७) मधून भिलीला कवितेत आणले. भुजंग मेश्राम यांनी आदिवासी कवितेत बंडाचा आवाज आणला. ही वाट आम्हीच पाडली याचा अभिमान वाटतो. परंतु किनाऱ्यावरचा कातकरी आमच्याही लेखनात बहुधा विषय म्हणून येतो, बोलणारा म्हणून येत नाही. तो वीटभट्टीवरचा मजूर असतो, उचल घेऊन फसलेला असतो, दारूने खचलेला असतो. हे सारे खरे आहे. पण गॅझेटियरनेही हेच लिहिले होते. १९३४ साली वेलिंग यांनी कातकऱ्यांवर समाजशास्त्रीय ग्रंथ लिहिला, तोही त्यांच्याविषयीचाच. करुणा असली तरी 'त्यांच्याविषयी' हे 'त्यांचे' होत नाही. हे आम्हांला कुणी शिकवायला नको, कारण सवर्ण सहानुभूतीला आपण हेच उत्तर दिले होते.

कातकऱ्यांतही सोन कातकरी आणि ढोर कातकरी असा भेद सांगतात. गोमांस खाणारा तो ढोर, न खाणारा तो सोन. उतरंडीचे विष अगदी शेवटच्या पायरीपर्यंत कसे पोचवले जाते ते येथे दिसते. तेव्हा 'आदिवासी संस्कृती निर्मळ आहे' असे भाबडे गोडवे गाण्याचेही कारण नाही. गरज आहे ती त्यांच्या बोलण्याची, भांडणासकट, विनोदासकट, शिव्यांसकट.

६

यावर कुणी म्हणेल, भाषेला 'बोली' म्हटले काय आणि 'भाषा' म्हटले काय, पोटाला काय फरक पडतो? फरक पडतो. संविधानाचे ३५०-क हे कलम १९५६ साली आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी असे ते सांगते. कातकरी ही मराठीची बोली ठरली की तिचे मूल भाषिक अल्पसंख्य राहत नाही. कागदावर ते मराठी मूल असते. वर्गात ते परके असते. गुरुजी जे बोलतात ते त्याला उमगत नाही, ते जे बोलते त्याला वर्ग हसतो. दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीला किंवा कोळशाच्या भट्टीला निघाले की ते त्यांच्याबरोबर जाते आणि पटावर 'गळती' अशी नोंद होते. ही गळती आहे की हकालपट्टी? १९६१ च्या जनगणनेत १,६५२ मातृभाषांची नोंद झाली होती. १९७१ पासून दहा हजारांहून कमी लोकांच्या भाषा वेगळ्या दाखविणे बंद झाले. महाराष्ट्रातील कातकऱ्यांची संख्या २०११ च्या जनगणनेनुसार पावणेतीन लाखांहून अधिक आहे. त्यांची वाणी संख्येच्या अभावी झाकली गेलेली नाही, वर्गीकरणाने झाकली गेली आहे. केंद्राच्या यादीत हा समाज विशेष दुर्बल आदिवासी गटांत आहे. दुर्बल म्हणून यादी आहे, पण बोलणारा समाज म्हणून त्याची गणती नाही.

जगात इतरत्र काय घडले ते पाहणे उपयोगी ठरेल. कॅनडाच्या सॅस्काचेवान प्रांतातील गवताळ मैदानात काउएसेस नावाचा आदिवासी समाज आहे. त्यात क्री, सोल्टो, असिनिबॉइन आणि मेटी असे वेगवेगळ्या भाषांचे लोक एकत्र आहेत. १८७४ साली ब्रिटिश राजसत्तेशी झालेल्या चौथ्या तहावर त्यांच्या प्रमुखाने सही केली. पुढे त्यांच्या भूमीवर चर्चची निवासी शाळा निघाली. अशा शाळांत मुलांना आईबापांपासून तोडून त्यांच्या भाषा बोलण्याबद्दल शिक्षा होत. ती शाळा १९९७ मध्ये बंद झाली. जून २०२१ मध्ये त्या समाजाने जाहीर केले की शाळेजवळ ७५१ खुणा नसलेल्या कबरी आढळल्या आहेत. आमच्या आश्रमशाळा आणि त्या शाळा एकच आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण एक धडा घेता येतो. तेथे लोक स्वतःला अनेक राष्ट्रांचा एक समाज म्हणवितात, प्रत्येक भाषेचे नाव वेगळे उच्चारतात आणि तरी एकत्र उभे राहून हक्क मागतात. येथे उलटे आहे. भाषेचे नाव पुसून ऐक्य सांगितले जाते आणि वस्ती मात्र गावकुसाबाहेर ठेवली जाते. हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होतील, हा प्रश्न बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत विचारला. भाषिक ऐक्याचे ढोल त्याचे उत्तर नव्हे.

आणि वेळ थोडा आहे. दिघीचे बंदर आता केवळ होड्या-मचव्यांचे राहिलेले नाही. बंदराची कंपनी २०२१ मध्ये अदानी समूहाकडे गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ज्या १२ औद्योगिक शहरांना मंजुरी दिली त्यांत दिघीचे नाव आहे. उद्योग येऊ नयेत असे कुणी म्हणत नाही. पण भूसंपादनात माणूस मोजला जातो तो सातबाऱ्यावरून. रायगड-ठाण्यातील कित्येक कातकरीवाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर वसलेल्या आहेत. मालकाने मजुरीसाठी आणून बसविले आणि घराखालची जागा नावावर कधी झालीच नाही. डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांनी २०१३ च्या आपल्या पुस्तकात हे तपशिलाने मांडले आहे. जमिनीच्या कागदात नाव नाही, भाषेच्या कागदात नाव नाही, अशा माणसाला उठविणे सोपे असते. त्याचे म्हणणे कोणत्या भाषेत नोंदवायचे, हाही प्रश्न मग कुणाला पडत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी, शिक्षकांनी तीन कामे हाती घ्यावीत असे सुचवावेसे वाटते. एक, श्रीवर्धन, म्हसळा, तळा, रोहे या पट्ट्यातील वाड्यांवर जाऊन तेथील गाणी, कहाण्या, जंगलाची व झाडापाल्याची नावे बोलणाऱ्याच्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत उतरवावीत, आणि ती 'सुधारू' नयेत. संकलनावर नाव सांगणाऱ्याचे घालावे, उतरवणाऱ्याचे नंतर. दोन, शिक्षकांनी पहिल्या दोन इयत्तांत मुलाच्या बोलण्याला चूक म्हणणे थांबवावे आणि त्याच्या शब्दावरून प्रमाण शब्दाकडे त्याला न्यावे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातही शक्य तेथवर मातृभाषेतून शिकविण्याचे तत्त्व आहे, त्याचा आधार घ्यावा. तीन, घराखालच्या जागेच्या हक्काची आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दाव्यांची चळवळ व भाषेची चळवळ एकमेकांपासून तोडू नये. ग्रामसभेत कातकरी बाई आपल्या वाणीत उभी राहून बोलली, आणि तिचे बोलणे जसेच्या तसे इतिवृत्तात आले, तर तो या किनाऱ्यावरचा नवा लेख ठरेल. आक्षीच्या दगडाइतकेच त्याचे मोल मराठीने मानावयास हवे.